पाठीवरचं मूल

मिशनच्या दवाखान्याच्या फाटकाशी मिनीबस थांबली, तसा हेन्डरसन कंडक्टर दारातून अर्धा बाहेर लोंबकळत रोजच्यासारखा ओरडला, "कोंबड्या चालतील, बोकड चालेल, मक्याची पोती चालतील. मढं-बिढं असेल तर आत्ताच बोला. वाटेत कळलं तर वाटेतच उतरवीन, मग माझ्या नावानं खडे फोडू नका!"

बसमधले लोक हसले. पाठीला मूल बांधलेली एक तरुण बाई मान खाली घालून चढली आणि सिस्टर एलुबीच्या शेजारी, बाकाच्या कडेला टेकली.

त्याच दवाखान्यातली नर्स सिस्टर एलुबी सुटीवर निघाली होती, पण सुटी तिच्या अंगी लागत नसे. मुलांना वजनकाट्यात घालताना आणि आंब्याच्या झाडाखाली बायका जमवून शिकवताना तिचं आयुष्य गेलं होतं. पाणी उकळा. हात धुवा. मूल गुंडाळून ठेवू नका, तापात तर मुळीच नको. त्या भागात तिचा आवाज न ओळखणारी आई सापडली नसती.

तिने शेजारणीच्या पाठीकडे पाहिलं. उकाडा असा, की बसचा पत्रा हाताला चटका देत होता, आणि या बाईने चितेंजेच्या रंगीत कापडात मूल डोक्यापर्यंत आवळून बांधलेलं. नाकाचं टोकसुद्धा बाहेर नाही.

"काय गं, भाजून काढायचंय का पोराला?"

बाईने मान आणखी खाली घातली.

"तुझ्याशीच बोलतेय मी. गाव कुठलं तुझं?"

"नाम्बिरो, सिस्टर."

"नाम्बिरोला मी स्वतः येऊन सांगून गेलेय. तोंड उघडं ठेवा, वारा लागू द्या. इकडून ऐकता अन् तिकडून सोडून देता."

"पोराचं भाडं चुकवायला लपवलं असेल, सिस्टर!" मागून कुणीतरी म्हणालं. बस खदखदली. सिस्टरही हसली. आपलं बोलणं लोक ऐकताहेत म्हटल्यावर तिला हुरूप यायचा.

बाई आणखी कडेला सरकली. एक हात मागे नेऊन मुलाला थोपटत म्हणाली, "झोपलाय. राहू द्या, सिस्टर."

"झोपलाय की गुदमरलाय? सरक बघू इकडे."

आणि तिने आजवर शेकडो पोरांच्या पाठीशी घातला होता तसा कापडात हात घातला. तळपाय हाताला लागला.

गार. त्या उकाड्यात, तेवढ्या घट्ट कापडात, गार.

सिस्टरचा हात तिथेच राहिला. बाईने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. डोळे कोरडे होते. तिने मान अगदी हलकेच हलवली, नाही म्हणून.

मिशनची गाडी जिवंत माणसांसाठी आहे, हे मूल गमावून फाटकाशी उभ्या राहिलेल्या आयांना सांगायचं काम सिस्टर एलुबीचंच होतं. समजावून सांगायची ती, खांद्यावर हात ठेवून. मग त्या घरी कशा जातात, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिने कधी विचारलं नव्हतं, इतकंच.

"काय झालं, सिस्टर?" हेन्डरसनने मान आत घातली. "पोराला काही झालंय का?"

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. बसचा वेग मंदावला. बाहेर माणूस ना घर, नुसता चहाचा मळा.

"काही नाही," सिस्टर म्हणाली. "गाढ झोपलाय." कापड तिने पुन्हा वर ओढलं, कडा आत खोचल्या. "वारा फार आहे. झाकलेलाच बरा."

"अरेच्चा! आज सिस्टरच झाका म्हणताहेत!" हेन्डरसन हसला.

"म्हणजे आमच्या आयांचंच खरं होतं की," मागची म्हातारी खूश होऊन म्हणाली. पुढे वाकून तिने गाठोड्यावर हलकेच थोपटलं. "शहाणं गं बाई पोर. हूं नाही की चूं नाही."

बाई म्हणाली, "हो, आजी."

उरलेल्या वाटेत सिस्टर एलुबीने कुणाला काही शिकवलं नाही.

नाम्बिरोच्या फाट्यावर बाई उतरली. सिस्टरचं गाव बरंच पुढे होतं, तरी तीही उतरली. हेन्डरसनने दोनदा हाक मारली, खांदे उडवले, आणि बस गेली. धुळीत दोघी उभ्या राहिल्या.

सिस्टरला काही बोलायचं होतं. अशा वेळी बोलायची वाक्यं तिला पाठ होती, देवाच्या नावाने सुरू होणारी. त्यातलं एकही ओठांवर आलं नाही.

"मला कळलं नाही गं," ती म्हणाली.

बाईने चितेंजेची गाठ पुन्हा आवळली. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतलं. कुणी नव्हतं.

"वॉर्डात रडू नको म्हणाले, बाकीचे पेशंट घाबरतात," ती हळूच म्हणाली. "बसमध्ये तर..." मग, गोळी जेवणाआधी द्यायची की नंतर हे विचारावं, तशा अदबीने तिने विचारलं, "इथे रडले तर चालेल का, सिस्टर?"