निरीक्षकाची खुर्ची

पन्नाशीनंतर शिकलेली अक्षरं जुळवत मी खुर्चीवरची पाटी वाचली. नऊ वर्षं अर्ज केल्यावर पाच देशांतल्या सुईणींच्या संघाला जागतिक आरोग्य सभेत निरीक्षकाची ही एक जागा मिळाली होती. बाळंतिणीचं रक्त थांबवणाऱ्या गोळ्या आमच्या हाती द्या, एवढंच मला सांगायचं होतं.

मी टेकणार, तोच आपल्याकडचे एक डॉक्टर जागा शोधत आले. डॉक्टरांसमोर आम्ही कधी बसत नाही. "बसा, साहेब," म्हणत मी भिंतीशी उभी राहिले.

अध्यक्षांनी संघाचं नाव पुकारून खुर्चीकडे पाहिलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. माझा आवाज फुटेपर्यंत पुढचा विषय निघाला.

गावी साऱ्याजणी भोवती जमल्या. "खुर्ची कशी होती गं, आत्या?"

"मऊ होती," मी म्हणाले.