प्राणाची रांग

“आवाज वाढव गं यामिनी, देव काय रोज येतात?” पलंगावरून सासूबाई म्हणाल्या. छातीवरच्या यंत्राने त्यांना पुढचा श्वास दिला.

पडद्यावर नव्या मंदिरातला सोहळा चालला होता आणि चित्र एकदाही अडकत नव्हतं. यामिनीला त्याचंच नवल वाटलं. वसाहतीच्या इंटरनेटच्या स्विचमधून आधी काय सोडायचं, मागे काय थांबवायचं, हे तिनेच ठरवलेलं. घरोघरच्या आजाऱ्यांच्या यंत्रांना प्रत्येक श्वासाचा इशारा दूरच्या इस्पितळातून या तारेवरून येई. त्या पहिल्या रांगेला तिने मोठ्या श्रद्धेने ‘प्राण’ हे नाव दिलं होतं. सोहळे, सिनेमे चौथ्या रांगेत.

तिने लॅपटॉप उघडला. देवळातल्या कुणीतरी प्रक्षेपणाला ‘प्राणप्रतिष्ठा’ नाव दिलं होतं. स्विचने सुरुवातीची अक्षरं वाचून ते पहिल्या रांगेत घातलं होतं, आणि सगळी वसाहत तेच बघत बसल्याने ती रांग तुंबली होती.

“आई, जरा बोलू नका. श्वास जपा.”

“उपास तुझा, आणि मौन मी धरू होय?” त्या हसल्या. हसू अर्ध्यावर राहिलं.

यामिनीने घाईने प्रक्षेपण चौथ्या रांगेत टाकायचा हुकूम दिला. उत्तर आलं, ‘आपला बदल रांगेत आहे.’

दुरुस्तीची कामं शेवटच्या रांगेत तिनेच टाकली होती. ती कधी तातडीची नसतात म्हणून.

पडद्यावर गुरुजींनी मूर्तीच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली. सासूबाईंनी हात जोडले. यंत्र पुढच्या श्वासाची वाट पाहत राहिलं.