मधला बाक

टेकडीच्या उतारावरच्या त्या सव्वाशे वर्षं जुन्या बागेला दोन दरवाजे होते. वरच्या दरवाज्याबाहेर आईचं घर, खालच्याबाहेर बापाचं. घटस्फोटानंतरची चार वर्षं दर शनिवारी चार वाजता आई लेकीला घेऊन पायऱ्या उतरायची, बाप चढून यायचा आणि मधल्या दगडी बाकापाशी लेक एक हात सोडून दुसरा धरायची. रविवारी संध्याकाळी तेच, उलट्या दिशेनं. "खोकल्याचं औषध दिलंय." "बरं." यापलीकडे त्या दोघांत शब्द नसायचा.

मग लेक तापानं फणफणली आणि आठव्या दिवशी गेली.

त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी बापाचे पाय आपसूक बागेकडे वळले. निम्म्या पायऱ्या चढल्यावर त्याच्या लक्षात आलं, आता आणायचं कुणाला? तो मागे फिरणार, तेवढ्यात बाकावर आई बसलेली दिसली.

कधी नव्हे तो तिच्या शेजारी टेकला. म्हणाला, "माझ्या घरी तिचं काहीच नाही गं. सगळं तिच्यासोबत यायचं, तिच्यासोबतच परत जायचं. एक रिबीनसुद्धा मागे राहिली नाही."

आईनं पिशवीतून पिवळा फ्रॉक काढून त्याच्या हातात दिला. "अजून धुतला नाहीये," ती म्हणाली.

त्यानं तो छातीशी धरला. उठताना सवयीनं तोंडातून निघून गेलं, "उद्या सहाला परत आणतो."

"आण," ती म्हणाली. "मी येते."