इंजिनाच्या पुढे सासरे
रस्त्यावरून धावणाऱ्या वाफेच्या इंजिनाच्या पुढे, लोकांना सावध करायला, लाल निशाणवाला असलाच पाहिजे, असा कायदा होता. इथे पुढे चालणारा निशाणवाला म्हणजे ड्रायव्हरचे सासरे. नवं इंजिन सुसाट होतं, सासऱ्यांचे गुडघे मात्र जुनेच. “मामा, जरा पाय उचला!” जावई ओरडायचा. “उचलतोय रे! तेच खाली यायला वेळ लावतात!” सासरे धापा टाकत म्हणायचे. साहेबांनी जावयाला बजावलं, “उद्या उशीर झाला, तर म्हातारा घरी.” घरी बायकोने बजावलं, “बाबांची नोकरी गेली, तर तुम्ही घरी येऊ नका.” सकाळी जावयाने स्वयंपाकघरातली खुर्ची इंजिनाच्या तोंडावर करकचून बांधली आणि सासऱ्यांना बसवलं. साहेबांनी कायदा तीनदा वाचला. बसू नये, असं कुठेच लिहिलं नव्हतं. संध्याकाळी मुलीने विचारलं, “बाबा, दमलात?” “छे! इंजिन दिवसभर हात धुऊन मागे लागलं होतं, पण मला गाठणं त्याच्या बापालाही जमलं नाही.”