शुक्रवारची भाकरी

शेवटची भाकरी तव्यावरून उतरवून रेश्मानं परात धुवायला घेतली. चुलीशेजारी बसलेली तिची सासू, आक्काबाई, बघतच राहिली.

"अगं, माझी भाकरी?"

"शुक्रवार ना आज? तुमचा लेंटचा उपास. मग कुणासाठी थापू, आत्याबाई?"

आता या पोरीला काय सांगायचं! ईस्टरआधीच्या लेंटच्या दिवसांत शुक्रवारी आक्काबाई जेवायची नाही आणि आपल्या वाटची भाकरी पदराखाली घेऊन समोरच्या घरी जायची. तिथं भीमाबाई कंबर मोडून खाटेला खिळलेली. मुलगा-सून ऊसतोडीला बेलापूरकडं गेलेली. आज या घरचं, उद्या त्या घरचं, असं तिचं चाललेलं. शुक्रवार आक्काबाईचा.

"पाळकसाहेब काय म्हनले चर्चात? नुसतं पोट मारलं म्हंजी उपास हुतो व्हय? आपला घास दुसऱ्याच्या तोंडी गेला पायजे."

"त्यांना बोलायला काय जातंय! मागच्या शुक्रवारी नळावर चक्कर येऊन पडलात. ह्यांनी मला फैलावर घेतलं. शुगर हाय तुमाला. आन् डब्यातलं पीठ बघितलंय का? पुरवून पुरवून वापरतीय मी."

आक्काबाईला लई राग आला, पण काढणार कुणावर? पोरगी खोटं बोलत नव्हती. देवा, माफ कर, असं मनात म्हणून तिनं तोंड उघडलं.

"बरं. उपास न्हाई धरत आज. टाक माझी भाकरी."

रेश्माचा चेहरा खुलला. तिनं परत पीठ घेतलं, भरभर थापलं, गरम भाकरी ताटात ठेवली, बाजूला आमटी वाढली. आक्काबाईनं पदर सावरला, भाकरीला हात घातला, तेवढ्यात रेश्मा समोरच मांडी घालून बसली.

"हितं खावा. माझ्यासमोर. न्हाईतर चाललात तिकडं घेऊन. मला कळत न्हाई व्हय?"

आक्काबाईनं तुकडा मोडला. तोंडात नुसता घोळत राहिला, खाली उतरेना.

समोरच्या घरातून हाक आली. "आक्के, आज उशीर लावलास गं?"

आक्काबाईचे डोळे भरून आले. तिनं रेश्माकडं बघितलं. रेश्मानं मान खाली घातली, पण जागची उठली नाही.

"भीमे," आक्काबाई घास तोंडात तसाच ठेवून ओरडली, "आज मी उपास धरला न्हाई गं!"

पलीकडं खाट करकरली.

"असूं दे, असूं दे. जेव तू," भीमाबाई म्हणाली. "आज मी धरते."

रेश्मानं आमटीची पळी पुढं केली. "कोरडं खाऊ नका, आत्याबाई. घशात अडकंल."