गेरूचा गुण

कुशाबांच्या कमरेवर नागीण उठली आणि त्यांच्या सुनेचं, अनुजाचं, डोकं उठलं. वर्षभर ती त्यांच्यामागे लस घ्या म्हणून लागली होती. डॉक्टरांनी आता बजावलं, तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू करा, हृदय आधीच नाजूक आहे, नागिणीनंतर झटक्याची भीती वाढते.

घरी येताच कुशाबा पलंगावर आडवे झाले. “नागिणीक गोळी चालना नाय. डिलाईल रोडच्या तात्यांका बोलवा.”

तात्या आले, मंत्र पुटपुटत गेरू लावून गेले. अनुजाने वाद घातला नाही. हृदयाच्याच गोळ्या वाढवल्यात असं सांगून तिने डॉक्टरांच्या गोळ्या सासऱ्यांना वेळच्या वेळी चारल्या.

फोड सुकले. सासूबाईंनी तात्यांना नारळ आणि धोतरजोडी दिली, चाळभर आणि फोनवरून सगळ्या नातेवाइकांत त्यांचं नाव केलं. अनुजा आतल्या आत चरफडली, पण गोळ्यांचं तिने कोणालाच सांगितलं नाही. माणूस बरा झाला ना, मग श्रेय कोणी का घेईना.

महिन्याभराने वडाळ्याहून तिच्या आईचा फोन आला. वडिलांची गेल्याच वर्षी बायपास झाली होती, त्यामुळे आईचा फोन अनुजा पहिल्याच रिंगला उचलायची.

 

“अगं, बाबांना नागीण झालीय, आठवडा झाला. पण तू काळजी करू नकोस. डॉक्टरबिक्टरच्या नादी लागलोच नाही, तुझ्या सासऱ्यांना गुण आला त्या तात्यांनाच बोलावलंय.”