पाचवा तुकडा

प्रयोगशाळेत बनवलेला तुकडा दहा सेकंदांत विझला. बशीत थोडा फेस उरला, आणि बारा पाहुण्यांपैकी मागच्या कुणीतरी "झालं?" असं विचारलं.

संचालकांचा चेहरा पडला. समुद्राच्या तळाखालचा बर्फ काडी लावली की पेटतो, हे दाखवायलाच तर सगळ्यांना बोलावलं होतं. बर्फात कोंडलेला वायू. त्याच्यावर पुढची शंभर वर्षं घराघरांतल्या शेगड्या पेटतील, असं ते तीन वर्षं सांगत आले होते. चहानंतर त्यांतले सगळ्यांत मोठे पाहुणे समुद्रात आणखी वीस विहिरी खणण्याच्या कागदावर सही करायची की नाही ते ठरवणार होते. आणि बर्फ ऐन वेळी फुसका निघाला.

तो बाईंनी बनवला होता. प्रयोगशाळेत त्यांना सगळे 'बर्फवाल्या बाई' म्हणत. दोन दिवस खपून, यंत्रात दाब देऊन त्यांनी तो कसाबसा गोठवला होता, तो एवढ्यासाठीच की खऱ्या तुकड्याला कुणी हात लावू नये.

खरे तुकडे पाचच हाती लागले होते. बाकीचा बर्फ समुद्रातून वर येता येताच वितळून गेला. पाहुणे आले की एक पेटवायचा, ही रीत संचालकांनी पाडली. बँकवाले आले, एक गेला. वर्तमानपत्रवाले आले, दुसरा गेला. तिसरा कुणाच्या तरी नातवाला बघायचा होता. चौथा संचालकांच्या वाढदिवशी केकशेजारी जळला. मग पाचव्याच्या डब्यावर बाईंनी लाल पट्टी चिकटवली आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'तपासणीसाठी. हात लावू नये.'

पहिल्या विहिरीभोवती समुद्राच्या तळातून बुडबुडे येत होते, आणि महिन्याभरात ते दुप्पट झाले होते. संचालक म्हणत, आधीपासूनच येत असतील, समुद्रालाही ढेकर येतात. बाईंना वाटत होतं की बर्फाचा थर आपणच सैल केला आणि आता वायू वाट फुटेल तिथून सुटतोय. कोण खरं ते कळायला एका बाटलीत बुडबुड्यांतला वायू भरून ठेवला होता, आणि त्या थरातला हा एक तुकडा होता. दोन्हींतला वायू एकच निघाला की वाद मिटला. तपासणीचं यंत्र दुसऱ्या गावी होतं आणि नंबर येत्या सोमवारचा लागला होता. आज शुक्रवार होता.

संचालक स्वतःच तो डबा ठेवलेल्या कोपऱ्यातल्या थंड टाकीकडे गेले. झाकण उघडताच पांढरी वाफ त्यांच्या बुटांवर उतरली.

"सर, तो तपासणीचा आहे," बाई हळूच म्हणाल्या.

"तपासणी काय, पुन्हा होईल. ही माणसं पुन्हा येणार आहेत का?"

"पुन्हा कशावर करू? हा शेवटचा आहे."

"अहो, वीस विहिरी होतायत ना. मग हवे तेवढे तुकडे घ्या."

विहिरीमुळे बिघडतं का ते बघायला आणखी वीस विहिरी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पण बाईंना हसू आलं नाही. त्यांना राग आला, आणि रागाने त्यांचा आवाज आणखीच बारीक झाला.

"नखाएवढा कोपरा तरी तोडून घेऊ द्या. दोन मिनिटं."

"पाहुण्यांना ताटकळत ठेवू?" संचालकांनी चिमट्यात तुकडा धरला होता. "मोजा घाला हातात. बशीत नको, तळहातावर पेटवू. बाईमाणसाचा हात फोटोत बरा दिसतो."

अकरा वर्षांत बाईंनी त्यांना एकदाही नाही म्हटलं नव्हतं. बारा परक्या माणसांसमोर ते कसं सुरू करायचं, हे त्यांना सुचेना. त्यांनी हातमोजा घातला आणि हात पुढे केला.

आणि काय सुरेख पेटला मेला. वीतभर उंच, नारिंगी, जराही न फडफडता. खाली तळहात गारठून बधिर होत होता आणि वर चेहऱ्याला धग लागत होती. पाहुणे पुढे सरकले. "धूर नाही, राख नाही," कुणीतरी कौतुकाने म्हणालं.

तुकडा लिंबाएवढा झाला, मग बोराएवढा, मग हरभऱ्याएवढा. तपासणीला हरभऱ्याएवढाही पुरला असता. मूठ मिटली असती तर तो तिथेच विझला असता, हे बाईंना त्या क्षणी नीट कळत होतं. त्यांनी मूठ मिटली नाही. ही गोष्ट पुढे त्यांनी कुणालाच सांगितली नाही.

मोठे पाहुणे तसे भले गृहस्थ होते. कागद वाचून आले होते. ज्योत विझल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "त्या विहिरीपाशी बुडबुडे येतात म्हणे. वायू आपल्यामुळे सुटतोय, असं कुणीतरी लिहिलंय. त्याला काही पुरावा आहे का?"

"बाईंनाच विचारा की," संचालक म्हणाले. "त्यांचंच काम आहे ते."

बाईंनी हात अजून तसाच धरला होता. हातमोज्याच्या खोलगटात चमचाभर गढूळ पाणी साचलं होतं.

"होता," त्या म्हणाल्या. "आत्ता जळला तोच."

 मग संचालक मोठ्याने हसले. ते हसले म्हणून मोठे पाहुणे हसले, आणि मोठे पाहुणे हसल्यावर बाकीच्यांना हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"आमच्या बाई अशा विनोदी आहेत," संचालक म्हणाले, आणि पाहुण्यांच्या खांद्याला हात लावून त्यांना चहाकडे वळवू लागले.

"एक मिनिट, सगळे असेच राहा," फोटोवाला म्हणाला. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, आणि परत खाली घेतला. "बाई, सगळे हसतायत. तुम्हीही हसा की जरा."